कवटीची कड आणि मोटारीचा बाक

डोक्याला जबर मार लागून मेंदूला सूज आली, तर दाब कमी करण्यासाठी कवटीचा तुकडा काढावा लागतो. तोच तुकडा पुन्हा बसवण्याजोगा राहिला नाही, तर नवा घडवावा लागतो. पण कवटी म्हणजे चेंडू नव्हे. तिचा उतार जागोजागी बदलतो.

इथे कामी येते मोटार कारखान्यात जन्मलेले गणित. १९५९ मध्ये फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलज्यो यांनी आणि पुढे रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी गाडीच्या पत्र्याचा बाक मोजक्या बिंदूंनी मांडण्याची रीत शोधली. बिंदू सरकवला, की पृष्ठभाग अलगद वळतो.

आता सीटी स्कॅनवरून संगणकात कवटीची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतात. शाबूत बाजूची आरशातल्यासारखी उलटी प्रत मोकळ्या जागेवर ठेवतात. मात्र आपले डोके दोन्हीकडे तंतोतंत सारखे नसते. त्यामुळे कडेला फट किंवा उंचवटा राहतो. तो पृष्ठभाग हळूहळू वळवून मिटवणे, हेच खरे कसब. मग टायटॅनियमचा किंवा ‘पीक’ या टणक प्लॅस्टिकचा तुकडा बनतो.

कड नीट जुळली, तर मेंदूला पुन्हा कवच मिळते आणि कपाळाचा आकारही परततो. न जुळल्यास शस्त्रक्रिया लांबते. रुग्णाच्या दृष्टीने तो वेळ फार मोलाचा असतो.