घडीच्या आतला रंग

जुन्या साडीचा खरा रंग कुठे बघायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पदर उन्हानं विटलेला असतो, निऱ्या धुऊन धुऊन फिकटलेल्या असतात. पण घडी उलगडून आत बघितलं की दुकानातून आणली त्या दिवशीचा रंग तिथे तसाच असतो! मैत्रिणींनो, हेच शहाणपण जुन्या मोटारीलाही लागू पडतं बरं का.

आमच्या खांदा कॉलनीतल्या सोसायटीत ताडपत्रीखाली एक 1973 ची फियाट उभी होती. माझ्या सासऱ्यांनी ती 1979 मध्ये सेकंडहँड घेतली होती. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी, 1974 पासून पद्मिनी म्हणून घराघरांत पोचली. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. ती बातमी वाचून घरातल्यांनी ठरवलं, बाबांची गाडी दुरुस्त करायचीच. इंजिनाचं जमलं, पत्र्याचं जमलं. अडलं ते रंगाशी!

गाडी दिसायला पांढरी. आरसी बुकात लिहिलेलं ग्रे. आणि सासूबाई ठामपणे म्हणायच्या, “गाडी निळीच होती. मी बसलेय तिच्यात चोवीस वर्षं, मला विचारा!” धाकट्या दिरांना तर लालभडक मेटॅलिक हवा होता, म्हणजे कशी ‘व्हिंटेज’ दिसेल!

अल्बम काढला, तर त्यातले फोटो कृष्णधवल. ते फार तर रंग गडद की फिका एवढंच सांगणार. अशा फोटोंनी जगाला फसवलंय. फोर्डची मॉडेल टी म्हटली की काळीच डोळ्यांसमोर येते ना? पण ती फक्त काळ्या रंगात मिळायची ती 1914 ते 1925 या काळात. त्याआधी आणि त्यानंतर ती इतर रंगांतही होती. काळ्याची सद्दी मोडली ती 1923 मध्ये आलेल्या ड्युको या झटपट वाळणाऱ्या रंगामुळे. आपला सुतार कपाटाला ‘डुको करू का?’ विचारतो ना, तो शब्द तिथला!

शेवटी पनवेलचे आमचे पेंटरचाचा म्हणाले, “ताई, माणसाला नका विचारू, गाडीला विचारा.” त्यांनी मागची सीट काढली, दाराचं आतलं पॅड उघडलं, डिकीतलं रबर उचकटलं. जिथे ऊन-पाऊस पोचत नाही आणि दुसऱ्यांदा रंगवताना कुणाचा हात जात नाही, अशा या जागा. तिथे स्वच्छ, फिकट राखाडी रंग होता. मग दाराच्या कडेला त्यांनी बारीक वॉटर पेपरनं रुपयाएवढी जागा हलकेच घासली. कांद्याच्या पाकळ्यांसारखी वर्तुळं उमटली. वर पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली राखाडी आणि तळाशी प्रायमर.

म्हणजे आरसी बुक खरं आणि सासूबाईही खऱ्या! आमच्या घरी येण्याआधीच कुणीतरी ती निळी करून घेतली होती.

नमुना जुळवतानाही घाई चालत नाही. आधी त्या जागेवरचा मळ नि पिवळट थर हलक्या पॉलिशनं काढायचा. मशीन रंगाचा हिशोब देतं, पण पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघायचं आणि तो तुकडा भर उन्हात धरायचा. ट्यूबलाइटखाली जुळलेला ब्लाउजपीस बाहेर वेगळा दिसतो, तसंच हे. शिवाय जुन्या रंगाची चमक मऊ असते. आजच्यासारखा वर काचेसारखा थर दिला, तर रंग जुळूनही गाडी नवी वाटते. आणि एक सांगते, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. कोरडं घासू देऊ नका, ओलं घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. गॅरेजमधली पोरंही कुणाची तरी मुलंच असतात.

कायद्याचं म्हणाल, तर 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं. आरसीवरच्या रंगापेक्षा वेगळा रंग द्यायचा तर आरटीओत नोंद करावी लागते. पण कोणता रंग ‘खरा’, हे कायदा सांगत नाही.

सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. त्या राखाडी गाडीत त्या कधी बसल्याच नव्हत्या. कारखान्याचा रंग खरा, मग त्यांच्या चोवीस वर्षांचं काय? नवऱ्याशेजारी बसून केलेल्या अलिबागच्या, जेजुरीच्या फेऱ्यांचं काय? ह्यांनी निर्णय त्यांच्यावरच सोडला. त्या म्हणाल्या, “गाडीचा जन्माचा रंग तिला द्या. पण माझा निळा पुसू नका.”

गाडी आज राखाडी आहे. डिकीच्या झाकणाला आतून वीतभर निळा तसाच ठेवलाय, न घासता. खाली कागदावर तारीख नि तिन्ही थरांची नोंद चिकटवली आहे. उद्या नातवंडं विचारतील तेव्हा कुणाच्या आठवणीवर भांडण नको!

तुमच्या घरीही जुनी गाडी, स्कूटर, निदान आजीचं लाकडी कपाट असेलच. रंगाऱ्याला बोलावण्याआधी एकदा खण उघडून, गादी उचलून आत बघा. आणि सगळं खरवडून टाकण्याआधी वीतभर तुकडा राखून ठेवा.