थंडीतले घर

पौष आला. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात बोचरा वारा सुटला. भोगीला आपण तीळ लावून बाजरीची भाकरी करतो. वाल, गाजर, वांगी, ओला हरभरा यांची भाजी रांधतो. तिळात जवळजवळ निम्मे तेल असते. म्हणून थंडीत तीळ अंगी लागतो. दुसऱ्या दिवशी संक्रांत. मग तिळगूळ वाटतो.

पुष्कळ घरी गॅस आला. तरी भाकरी अन् अंघोळीचे पाणी अजून चुलीवर होते. थंडी म्हणून आपण दारे-खिडक्या लावतो. धूर घरातच कोंडतो. माउलीचे डोळे चुरचुरतात. लेकरांना खोकला लागतो.

काहीजण रात्री शेगडी घरात ठेवून निजतात. हे फार धोक्याचे! निखाऱ्यातून विषारी वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वासही नसतो. राख टाकली तरी तो निघतोच. निजलेला माणूस निजलेलाच राहतो.

मग काय करावे? सणाआधी आपण घर सारवतो, भिंती लिंपतो. तेव्हाच चुलीच्या वर धुराडे करावे. समोरच्या भिंतीत खाली झरोका ठेवावा. झरोक्यातून ताजी हवा येते, गरम धूर वरून जातो. निजताना शेगडी अंगणात ठेवावी अन् गोधडी पांघरावी.

ऊब घरात राहू द्या. धूर बाहेर जाऊ द्या.