मोठेबाबांचे लायसेन

माझे मोठेबाबा मूर्तिजापूर ते अकोला काळी-पिवळी चालवतात. गेल्या उन्हाळ्यात ते एका दुपारी कचेरीतून परतले, टोपी खुंटीला लावली आणि बाजेवर बसले. “लायसेन गेलं बाप्पा,” एवढेच बोलले. तीन आठवडे ते तसेच बसून होते. दारातल्या गाडीवर धूळ साचली.

झाले होते असे. प्रवासी वाहनाचे लायसेन पूर्वी तीन वर्षांचे असे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचे झाले. त्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. त्याला ‘नमुना १-अ’ म्हणतात. डॉक्टरांनी उजवा डोळा पाहिला, मोतीबिंदू पिकला होता, त्यांनी ‘अयोग्य’ लिहिले. खिडकीवरच्या बाबूंनी कागद परत सरकवला.

“पण कशावर लिहून दिलं का त्यांनी?” मी विचारले.

“कायी लिवून देल्लं नाई. होत नाई म्हने.”

मी कला शाखेचा विद्यार्थी. कायद्याशी माझा संबंध राज्यशास्त्राच्या पेपरापुरता. तरी ग्रंथालयातून १९८८ चा मोटार वाहन कायदा काढून आणला आणि ओसरीवर वाचत बसलो. एरवी रुक्ष वाटणारे ते पुस्तक त्या रात्री कादंबरीसारखे वाचले, हे कबूल करतो.

कलम १६ म्हणते, आजारामुळे वा अपंगत्वामुळे चालक वाहन चालवण्यास अपात्र आहे असे मानायला सबळ कारण असेल, तर परवाना अधिकारी लायसेन केव्हाही रद्द करू शकतो, किंवा नवा वैद्यकीय दाखला मागू शकतो. म्हणजे डॉक्टर फक्त डोळ्याचे सांगतात, लायसेनचा निर्णय अधिकाऱ्याचा. आणि कलम १७ त्या अधिकाऱ्यालाही बांधून ठेवते. लायसेन रद्द करायचे असो की नूतनीकरण नाकारायचे, कारणांसह लेखी आदेश द्यावाच लागतो. तो हाती पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते, दोन्ही बाजूंचे ऐकून घ्यावे लागते, आणि अपिलाचा निकाल मूळ अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो. आदेशच नव्हता, तेव्हा मोठेबाबांचे तीस दिवस सुरूच झाले नव्हते! वाया गेले ते त्यांचे तीन आठवडे.

आम्ही अर्ज टाकून लेखी आदेश मागितला. आला, त्यात ‘कायमचे अपात्र’ असे शब्द होते. डॉक्टरांच्या दाखल्यात ‘कायमचे’ हा शब्द कुठेच नव्हता. आमचे भांडण त्या एका शब्दाशी. दाखला खोटा नव्हताच, तो खोटा म्हणून भांडलो असतो तर हरलो असतो. म्हणून आधी अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात शस्त्रक्रिया केली, भिंग बसवले, आणि डोळा निवळल्यावर घेतलेला नवा दाखला अपिलाला जोडला.

मोठ्या आईचे म्हणणे वेगळेच. “एका डोळ्यानं बी चालवते लोकं,” ती म्हणे. तिचे अगदीच चुकत नव्हते. १९८९ च्या नियमांबरोबरच्या नमुन्यात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबरपाटी वाचता येते का, असा प्रश्न होता. पाच वर्षे लायसेन असलेल्याची नंतर एका डोळ्याची दृष्टी गेली, तर एका डोळ्याने वाचलेलेही चालत असे, पण ते हलक्या खाजगी गाडीपुरते. प्रवासी वाहनाला ती सवलत नव्हती. मला हे रास्तच वाटते. मागच्या बाकावर परक्यांची लेकरे बसलेली असतात.

मोतीबिंदू निघतो, सगळेच आजार निघत नाहीत. अशा वेळी नोकरीतल्या आणि स्वतःच्या गाडीवरच्या चालकात मोठा फरक पडतो. तेलंगणाच्या राज्य परिवहन महामंडळाने एका चालकाला रंगांधळेपणामुळे घरी बसवले होते. १ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला योग्य अशा दुसऱ्या कामावर परत घ्यायला सांगितले. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढू नये, असे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सांगते. काळी-पिवळीवाल्याला असे दुसरे काम देणारा कोणी नाही. त्याच्या हातात कलम १७ आणि तीस दिवस.

सुनावणीला मी बरोबर गेलो होतो. साहेबांनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि मोठेबाबांना विचारले, “रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होतो का?” वकिलाने शिकवले असते तर ते नाही म्हणाले असते. आम्ही वकील दिला नव्हता.

“थोडा होते साहेब,” मोठेबाबा म्हणाले.

माझा जीव टांगणीला लागला. साहेबांनी काहीतरी टिपून घेतले. पंधरा दिवसांनी निकाल आला, ‘कायमचे’ खोडले गेले आणि नूतनीकरण झाले. संध्याकाळची फेरी मात्र मोठेबाबांनी आपणहून सोडली. ती आता माझा चुलतभाऊ करतो.