एकबारी रायफल: काडतूस आणि अक्रोड

जॉन फार्कहार्सनने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली फॉलिंग ब्लॉक (खाली सरकणारा ठोकळा) रचना आजही एकबारी रायफलप्रेमींना वेड लावते. रुगर नंबर वन रायफलवर तिचीच छाप आहे. कॅलिबर? माझं मत ७ बाय ५७ मॉझरला. धक्का सौम्य, हरणाला पुरेसं. हेच काडतूस इंग्रजांकडे .२७५ रिग्बी म्हणून ओळखलं जातं. शिकारी जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यानेच टिपला.

खरी गंमत लाकडात. युरोपीय अक्रोड घट्ट, हातपकडीवरची बारीक जाळी त्यावर सुबक उठते. लाकडातल्या नक्षीदार रेषा दस्त्याच्या मागच्या भागात शोभतात. मुठीपाशी मात्र त्या सरळच हव्यात, नाहीतर धक्क्याने लाकूड तिथेच तडकतं. दस्ता आणि पुढचा तुकडा वेगळे असतात, म्हणून रंग-रेषा जुळाव्यात यासाठी दोन्ही एकाच फळीतून काढून घ्या.

(आपल्याकडे शिकारीला बंदी, तेव्हा हौस वाचनापुरतीच!)