लेकराला वाफ द्या, पण कोणती?

थंडी पडली की बीबीसारख्या गावात घरोघरी ऐकू येते : ‘लेकराला वाफ द्या.’ दवाखान्यात मशीनची वाफ, घरी पातेल्याची वाफ. शब्द एकच, म्हणून गोष्टही एकच असा समज होतो. हा समज लेकराच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून या वेळी आम्ही वाफेवरच लिहीत आहोत.

वाफ म्हणजे पाणीच. हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून पाणी हे संयुग बनते. बर्फ, पाणी आणि वाफ ही त्याचीच तीन रूपे. उकळल्याने नवा पदार्थ तयार होत नाही. म्हणजे वाफ हेही संयुगच. पण त्यात औषध नाही.

पुरावा आपल्याच तालुक्यात आहे. लोणारच्या सरोवरातून पाणी वाहून जायला वाट नाही. पाण्याची वाफ होऊन उडते, क्षार मागे राहतात. म्हणून ते पाणी खारट. पातेल्यातही तेच घडते. उकळत्या पाण्यात मीठ टाकले तरी ते वाफेबरोबर नाकात जात नाही.

मशीनचे तसे नाही. नेब्युलायझर पाणी उकळत नाही. हवेच्या जोराने औषधाचे अगदी बारीक तुषार करतो आणि ते श्वासातून छातीत जातात. जलबाष्प, बाष्पीभवन, बाष्पस्नान या जोडशब्दांत खरी वाफ आहे. ‘मशीनची वाफ’ नावापुरतीच वाफ आहे. दम लागलेल्या लेकराला मशीनऐवजी पातेल्याची वाफ देऊन भागत नाही.

पातेल्याच्या वाफेने मोठ्या माणसाचे चोंदलेले नाक थोडा वेळ मोकळे वाटते, इतकेच. धोका मात्र मोठा. एक ग्रॅम उकळते पाणी अंगावर पडून अंगाइतके थंड होताना सुमारे ६३ कॅलरी उष्णता देते. एक ग्रॅम वाफ नुसती पाणी होतानाच सुमारे ५४० कॅलरी देते आणि पुढच्या ६३ वेगळ्या. कुकरच्या तोंडाशी जिथे काहीच दिसत नाही, तिथे खरी वाफ असते. वर दिसणारा पांढरा धूर म्हणजे पाण्याचे थेंब.

म्हणून लहान लेकराला उकळत्या पातेल्यावर धरू नका, चादरीखाली बसवू नका. पाण्यात कापूर टाकू नका. तो लहान मुलांना घातक आहे. भाजलेच तर त्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी सोडा. हळद, तेल, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका. भाजणे मोठे असेल, किंवा लेकराला धाप लागून छाती आत ओढली जात असेल, तर १०८ ला फोन करा.

आणि डॉक्टर ‘वाफ द्या’ म्हणाले, तर तिथेच विचारा : कोणती, मशीनची की पातेल्याची? विचारण्यात कसला संकोच?