टायमिंग बेल्ट (डिझेल मोटारगाडी)

टायमिंग बेल्ट हा अंतर्ज्वलन इंजिनातील क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवणारा रबरी दातेरी पट्टा होय. दट्ट्यांची (पिस्टन) वरखाली होणारी हालचाल आणि झडपांची (व्हॉल्व्ह) उघडझाप यांचा मेळ हा पट्टा राखतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले. पट्टा असलेल्या बहुतेक डिझेल गाड्यांत इंधनाचा पंपही (बोलीभाषेत डिझेल पंप) तोच फिरवतो व अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही. चालत्या गाडीत हा पट्टा तुटला तर झडपा व दट्टे एकमेकांवर आदळून इंजिनाचे गंभीर नुकसान होते. जुन्या गाडीच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च कित्येकदा गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जातो. त्यामुळे एका पट्ट्यापायी चांगली चालणारी गाडी भंगारात निघाल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

रचना व कार्य

चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी व्हावी लागते. यासाठी कॅमशाफ्टच्या चाकाला क्रँकशाफ्टच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना प्रत्येक दट्ट्या सेकंदाला ५० वेळा वर येतो आणि प्रत्येक झडप २५ वेळा उघडून मिटते. या धावपळीत पट्टा एक-दोन दात जरी सरकला, तरी इंजिनाचा सूर बिघडतो.

सोलापूरच्या वाचकाला पट्ट्यावर चालणारे यंत्र नवे नाही. येथील कापडगिरण्यांत एका लांब दांड्यावरून अनेक मागांना गती देणारे चामडी पट्टे होते. पिठाच्या गिरणीत पट्टा आजही दिसतो. परंतु ते सपाट वा पाचरीच्या आकाराचे पट्टे असतात आणि भार वाढला की थोडे घसरतात. ही घसरण तेथे यंत्राला वाचवते. टायमिंग बेल्टला मात्र घसरण्याची मुभा नाही, म्हणून त्याला दाते दिलेले असतात. गंमत अशी की, दातेरी पट्टे मुळात कापडउद्योगातील यंत्रांसाठीच १९४०च्या दशकात वापरात आले आणि तेथून मोटारीत शिरले. सपाट पट्ट्याला राळ लावण्याची गिरणीतील सवय काही कारागीर येथेही चालवतात. ती चुकीची आहे. टायमिंग बेल्टला तेल, ग्रीस, राळ वा कोणताही फवारा लागता कामा नये.

पट्ट्याच्या अंगात काचतंतूंच्या दोऱ्या असतात व त्यांवर कृत्रिम रबर चढवलेले असते. ताण दोऱ्या सोसतात, दाते रबराचे असतात. पूर्वी निओप्रीन हे रबर वापरीत; ते उष्णतेने कडक होऊन तडकते. पुढे हायड्रोजनयुक्त नायट्राइल रबर आले व पट्ट्यांचे आयुष्य वाढले.

मोटारींतील वापर

मोठ्या संख्येने तयार झालेल्या मोटारींपैकी टायमिंग बेल्ट असलेली पहिली गाडी म्हणून जर्मनीतील ग्लास कंपनीच्या १९६२ च्या '१००४' या गाडीचा उल्लेख होतो. डिझेल मोटारींत या पट्ट्याचा प्रसार होण्यास १९७६ ची फोक्सवॅगन गोल्फ डिझेल बरीच कारणीभूत ठरली. साखळीपेक्षा पट्टा स्वस्त, हलका व कमी आवाजाचा असतो आणि त्याला वंगण लागत नाही. साखळी साधारणपणे झिजत गेली की खडखडते. पट्टा मात्र बहुधा कसलीही सूचना न देता तुटतो.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या पेट्रोलवरील पद्मिनीत साखळी होती, त्यामुळे पद्मिनीवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रींना हा प्रश्न कधी पडलाच नाही. याच कंपनीने १९९०च्या दशकात प्यूजोच्या सहकार्याने कल्याण येथे प्यूजो ३०९ ही गाडी काढली. तिच्या डिझेल आवृत्तीत टीयूडी५ हे १५२७ घन सेंटिमीटरचे, पट्ट्यावर चालणारे इंजिन होते. हेच इंजिन पुढे मारुतीच्या झेन व एस्टीम या गाड्यांच्या डिझेल आवृत्त्यांत आले. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड येथे तयार झालेली व १९९८च्या अखेरीस बाजारात आलेली टाटा इंडिका (१४०५ घन सेंटिमीटर), २००० साली आलेली टोयोटा क्वालिस, तसेच महिंद्राच्या नाशिक कारखान्यातून २००७ पासून निघालेली लोगन व तिचेच पुढचे रूप असलेली व्हेरिटो, या डिझेल गाड्यांतही पट्टाच आहे. याउलट स्विफ्ट डिझेल व इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट यांतील १.३ लिटर इंजिनात साखळी असते. नावसाधर्म्यामुळे इंडिका व व्हिस्टा यांबाबत नेहमी गल्लत होते. जुनी गाडी घेणाऱ्याने गाडीच्या नावावर न जाता इंजिन कोणते आहे ते पाहावे.

तुटण्याची कारणे

पट्टा नुसत्या किलोमीटरने संपत नाही, वर्षांनीही संपतो. पुस्तिकेत दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात व जी आधी येईल ती पाळायची असते. भाड्याने फिरणाऱ्या गाडीचे किलोमीटर झपाट्याने भरतात, म्हणून तिच्या मालकाला पट्ट्याची आठवण राहते. धोका अधिक असतो तो घरच्या जुन्या गाडीला. ती महिन्यातून एकदा तुळजापूर, अक्कलकोट नाहीतर पंढरपूरला जाऊन येते, मीटरवर फारसे आकडे चढत नाहीत आणि आत दहा-बारा वर्षांचे रबर तडकत असते. सोलापुरात उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते व झाकलेल्या इंजिनाजवळची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. अशा हवेत पुस्तिकेतील वर्षांची मर्यादा ही कमाल मर्यादा समजणे शहाणपणाचे आहे.

कित्येकदा पट्टा स्वतः दोषी नसतो. क्रँकशाफ्ट वा कॅमशाफ्टच्या ऑइल सीलमधून झिरपणारे तेल रबर फुगवते आणि दाते सुटू लागतात. ताण देणाऱ्या टेन्शनरचे किंवा आयडलरचे बेअरिंग जाम झाले तर पट्टा घासून जळतो; पाण्याचा पंप जाम झाल्यासही हेच घडते. बाहेरच्या, म्हणजे अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्याचे धागे सुटून टायमिंगच्या झाकणाखाली शिरल्याने पट्टा उडाल्याचीही उदाहरणे आहेत. फुटलेले झाकण न बसवता गाडी चालवली तर शेतरस्त्यावरील माती व खडे आत जातात. बसवताना पट्टा मुडपला गेला असेल तर काचतंतू तेव्हाच तुटतात. दिसायला नवा असलेला तो पट्टा मग थोड्याच दिवसांत दगा देतो.

तुटल्यावर काय होते

कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो आणि त्या क्षणी उघड्या असलेल्या झडपा उघड्याच राहतात. गाडीच्या वेगामुळे क्रँकशाफ्ट मात्र फिरत राहतो आणि दट्टे वर येऊन झडपांवर आदळतात. काही पेट्रोल इंजिनांत दोहोंमध्ये पुरेशी जागा असते व ती बचावतात. डिझेलमध्ये हवा दाबूनच इंधन पेटवायचे असल्याने दट्ट्या माथ्यावर पोहोचला की वर जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्शाहूनही कमी जागेत दाबली जाते. त्यामुळे झडपा वाकतात, रॉकर मोडतात. आघात मोठा असेल तर झडपांचे गाइड, कॅमशाफ्ट, दट्टे किंवा कनेक्टिंग रॉडही जातात.

चालकाला एखादा खडखडाट ऐकू येतो, कधी तोही नाही, आणि इंजिन बंद पडते. याच वेळी पॉवर स्टीअरिंग जड होते. ब्रेकला मदत करणारा निर्वात पंपही थांबतो. साठलेल्या निर्वातावर ब्रेक एक-दोनदाच हलका लागतो, नंतर पाय जोराने दाबावा लागतो. महामार्गावर हे ठाऊक असणे इंजिनापेक्षाही महत्त्वाचे आहे.

रस्त्यावर घ्यावयाची काळजी

गाडी डाव्या कडेला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत व परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

यानंतरची सर्वांत मोठी चूक म्हणजे पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणे. पट्टा तुटलेला असल्यास स्टार्टर नेहमीपेक्षा हलका व भरभर फिरल्यासारखा वाटतो, कारण आत दाबच तयार होत नाही. प्रत्येक फेरीला उरल्यासुरल्या झडपांवर घाव बसतो. धक्का मारून गाडी सुरू करणे तर त्याहून वाईट. मदतीला धावलेली चार माणसे प्रथम धक्क्याचीच भाषा करतात. त्यांना नम्रपणे थांबवावे. गाडी गिअरमध्ये टाकून उभी करू नये, कारण ती जराशी सरकली तरी क्रँकशाफ्ट फिरतो. न्यूट्रल, हँडब्रेक आणि चाकामागे दगड एवढे पुरे. ओढून नेतानाही गाडी न्यूट्रलमध्येच असावी.

दुरुस्ती

प्रथम वरचे झाकण काढून पट्टा खरोखर तुटला आहे की दाते गेले आहेत, हे पाहतात. तुटण्याचे कारण सापडल्याशिवाय नवा पट्टा चढवणे व्यर्थ होय. गळके सील किंवा जाम बेअरिंग तसेच राहिले तर नवा पट्टाही त्याच वाटेने जातो. डिझेलमध्ये हेड न उतरवता नुकसानीचा अंदाज धरणे क्वचितच योग्य ठरते. 'पट्टा टाकून बघू, चालू झाली तर झाली' हा सल्ला स्वस्त वाटतो, पण किंचित वाकलेली झडप काही दिवस चालून मग तुटून आत पडली तर हेडबरोबर ब्लॉकही जातो.

हेड उतरवल्यावर झडपा, गाइड, बैठका व रॉकर तपासतात. कनेक्टिंग रॉड वाकला आहे का, हे पाहण्यासाठी प्रत्येक दट्ट्या माथ्यावर आणून त्याची उंची डायल गेजने मोजतात. एखादा इतरांहून खाली राहिला तर रॉड वाकलेला असतो. अनेक डिझेल इंजिनांत हेड गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचे मिळते व जाडीची खूण म्हणून त्याच्या कडेला खाचा वा छिद्रे असतात. जुन्या गॅस्केटवरील खूण पाहून, उंचीचे माप ताडूनच नवे घ्यावे. ताणून घट्ट होणारे हेड बोल्ट पुन्हा वापरू नयेत.

पट्ट्याबरोबर टेन्शनर व आयडलर बदलतात. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तोही, कारण पुढे पंप गळला की सगळे काम नव्याने करावे लागते. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट व डिझेल पंप यांच्या चाकांवरील खुणा जुळवून, जेथे सोय आहे तेथे पिना घालून पट्टा चढवतात. अंगठ्याने दाबून ताण ठरवण्यापेक्षा पुस्तिकेतील पद्धत पाळावी. त्यानंतर पाना लावून क्रँकशाफ्ट त्याच्या चालीच्या दिशेने हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवतात व खुणा पुन्हा पाहतात. कोठेही अटकाव जाणवला तर तेथेच थांबायचे. स्टार्टरची पाळी त्यानंतर येते.

जुन्या गाडीच्या मालकाने खर्च ठरवताना नोंदणीची उरलेली मुदतही पाहावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. महाराष्ट्रात अशा गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. सांगाडा व गिअरबॉक्स चांगला असेल तर हेडची दुरुस्ती किंवा दुसऱ्या गाडीतून काढलेले तपासलेले हेड परवडते. पत्रा गंजलेला असेल तर विचार करावा. जुनी गाडी विकत घेताना पट्टा बदलल्याची पावती मिळाली नाही, तर तो बदललेलाच नाही असे धरून आधी नवा पट्टा टाकून घेतात आणि तारीख व मीटरवरील आकडा लिहिलेली चिठ्ठी बॉनेटच्या आतील बाजूस चिकटवतात.