हाँगकाँगच्या रस्त्यावर फोटो काढायचा तर उभं राहावं लागतं

स्ट्रीट फोटोग्राफी म्हटलं की वाटतं, कॅमेरा गळ्यात अडकवून दिवसभर भटकायचं आणि काही दिसलं की क्लिक करायचं. हाँगकाँगमध्ये चांगले फोटो काढणारे लोक फारसे भटकत नाहीत. एखादा कोपरा पकडतात आणि उभे राहतात. कधी कधी तासभर.

याचं कारण शहराच्या आखणीत आहे. हाँगकाँग बेटाच्या उत्तरेला मागे डोंगर, पुढे बंदर आणि मध्ये चिंचोळी पट्टी. १८४० च्या दशकात क्वीन्स रोड जवळजवळ पाण्याला लागून होता. नंतर भराव घालत घालत किनारा पुढे सरकला (मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको). त्यामुळे मोठे रस्ते किनाऱ्याला धरून, साधारण पूर्व-पश्चिम जातात आणि गल्ल्या पायऱ्या पायऱ्यांनी डोंगर चढतात. दोन्ही बाजूंना उंच इमारती. सकाळी आणि संध्याकाळी ट्रामच्या रस्त्यांवर ऊन लांबून, सरळ आत शिरतं. गल्लीत मात्र उन्हाची एक तिरीप उतरते आणि काही मिनिटांत सरकते. तुम्ही त्या तिरिपेजवळ थांबायचं, आणि कोणीतरी तिच्यातून चालत जाईपर्यंत थांबायचं. एवढंच तंत्र.

हे तंत्र सगळ्यात सुंदर वापरलं फॅन हो यांनी. जन्म शांघायचा, १९३१ चा. १९४९ मध्ये ते हाँगकाँगला आले. त्यांचा कॅमेरा रोलायफ्लेक्स. तो पोटाशी धरून, मान खाली घालून, वरून काचेत बघायचं. डोळ्याला लावून कोणावर रोखायचा नाही, त्यामुळे समोरच्याला कमी टोचतो. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध फोटो आहे १९५४ चा ‘अप्रोचिंग शॅडो’: पांढरी भिंत, तिरकी सावली, कोपऱ्यात एकटी मुलगी. बरेच जण तो ‘सापडलेला क्षण’ म्हणून शेअर करतात. पण ती मुलगी त्यांची चुलत बहीण होती, तिला तिथे उभं केलं होतं, आणि ती सावली नंतर डार्करूममध्ये आली. मला यात फसवणूक वाटत नाही. उलट, ज्या फोटोत एकटेपणा दाखवायचा होता तिथे त्यांनी ओळखीचं, विचारून उभं केलेलं माणूस घेतलं, हे मला आवडतं.

कारण न विचारता घेतलेल्या फोटोचं काय होतं, याचंही हाँगकाँगमध्ये एक गाजलेलं उदाहरण आहे. एका मासिकाच्या फोटोग्राफरने रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईचा लांबून, टेलिफोटो लेन्सने फोटो काढला. मासिकाने तो तिच्या कपड्यांची टिंगल करत छापला. ऑफिसमध्ये तिची चेष्टा झाली. प्रकरण कोर्टात गेलं, आणि २००० साली अपील कोर्टाने बहुमताने ठरवलं की इथे खासगी माहिती ‘गोळा’ केलेली नाही, कारण ती कोण आहे हे मासिकाला माहीतही नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. म्हणजे तुम्ही अनोळखी आहात, म्हणूनच तुम्हाला या कायद्याचं संरक्षण नाही! (गल्फमधल्या वाचकांनी ही मोकळीक तिथे गृहीत धरू नये. यूएईमध्ये परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढणं गुन्हा ठरू शकतो.)

कायदा एवढा सैल असला की निवड आपल्यावर येते. रविवारी सेंट्रलमध्ये गेलात तर एचएसबीसीच्या इमारतीखाली, पुलांवर, फुटपाथवर हजारो फिलिपिनो आणि इंडोनेशियन बायका पुठ्ठे अंथरून बसलेल्या दिसतात. जेवण, पत्ते, व्हिडिओ कॉल, नखं रंगवणं. घरकाम करणाऱ्या अशा परदेशी कामगार तिथे तीन लाखांहून अधिक आहेत. आठवड्यातून एक सुट्टी कायद्याने मिळते, पण राहायचं मालकाच्याच घरात, अशी अट आहे. म्हणजे त्या दिवशी तो पुठ्ठा हीच त्यांची खोली. रस्ता सार्वजनिक आहे हे खरं, पण पुलावरून झूम करून झोपलेल्या बाईचा फोटो घेणं मला कोणाच्या खिडकीतून डोकावण्यासारखंच वाटतं. जवळ जा, बसा, विचारा. नाही म्हणाल्या तर तो फोटो नाही.

उभं राहण्याचा हाही फायदा. एका जागी थांबलात की तुम्ही लोकांना दिसता. फळवाला तुम्हाला बघतो, कंटाळतो आणि पुन्हा कामाला लागतो. ज्याला नको असेल तो हात वर करतो किंवा वाट बदलतो. चालता चालता चोरून क्लिक करणाऱ्यापुढे त्याला ही संधीच मिळत नाही.

सुरुवात करायची तर स्टार फेरीवर करा. १८८८ मध्ये ही कंपनी एका मुंबईच्या पारशाने, दोराबजी नौरोजी मिठाईवाला यांनी सुरू केली. पार होईपर्यंत दहाएक मिनिटं कोणीच कुठे जात नाही. दुपारनंतर चिम शा चुईहून सेंट्रलकडे निघा. उजव्या हाताने, पश्चिमेकडून ऊन आत येतं आणि बाकांवरच्या चेहऱ्यांवर पडतं. समोरच्याशी नजर मिळू द्या, कॅमेरा मांडीवरच असू द्या. परतीच्या फेरीला बाकाची पाठ दुसऱ्या बाजूला ढकलायची, आणि ऊन आता डाव्या हाताला.